डावीकडून पहिले

“सिंधूआजी, कोपऱ्यात कोणी येता कामा नये,” सौमित्र माझ्या कानाशी येऊन म्हणाला. “कोपरे मोकळे ठेव. मधे कोणालाही कुठेही बसव.”

कार्यालयाच्या अंगणात खुर्च्या मांडायचं काम चाललं होतं, आणि मी पदर खोचून घसा साफ करत होते. आमच्या हातखंबेकरांच्या कुलसंमेलनात ग्रुप फोटोसाठी माणसं उभी करायचं, बसवायचं काम माझ्याकडे होतं, कारण माझा आवाज मोठा. एकदा मी परसातून ह्यांना चहाला हाक मारली, तर खाडीपलीकडची दोन माणसं चहाला आली. साखर कमी पडली होती, म्हणून लक्षात आहे.

“का रे? कोपऱ्यांना काय सुतक लागलंय?”

सौमित्रने आधी इकडेतिकडे बघितलं. हा म्हणजे आमच्या थोरल्या दिरांचा, दाजीभावोजींचा, नातू. पुण्याला नोकरी, शनिवार-रविवार फोटो. त्या दिवशी गळ्यात नवा कोरा कॅमेरा होता आणि तो दोन्ही हातांनी असा सांभाळत फिरत होता की आधी मला वाटलं, बारसं कळवायचं राहिलं वाटतं. सकाळपासून जो भेटेल त्याला सांगत होता, फुल फ्रेम आहे. सगळे माना डोलवत होते. एका काकांनी तर विचारलं, रोल कुठला लागतो.

“हा कॅमेरा फुल फ्रेम आहे ना,” तो हळू आवाजात म्हणाला, “म्हणजे आत फोटो उमटायची जी पाटी असते, सेन्सर, ती मोठी. पण लेन्स माझ्या जुन्या, लहान कॅमेऱ्याची आहे. नवी अजून आली नाही. ही लेन्स आत उजेडाचा जो गोल टाकते तो लहान पाटीपुरता. मोठ्या पाटीला पुरत नाही. कोपरे काळे राहतात.”

“म्हणजे चौकोनी ट्रेमध्ये गोल थालीपीठ.”

त्याने आधी कॅमेऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. पुण्यात यासाठी त्याने क्लास लावला होता म्हणे. “हो. तसंच.”

“मग लहान पाटीवर घे.”

“तशी सोय आहे. कॅमेरा आपण होऊन मधलाच भाग घेतो. पण मग फोटो निम्म्याहून लहान होतो, आणि आजोबांना स्टेजएवढा फ्लेक्स हवाय. मी ती सोय बंद केलीये.”

“लांबून घे. सगळी मधे मावतील.”

“मागे विहीर आहे, आजी.”

विहीर होती खरी. आणखी चार पावलं मागे गेला असता तर फुल फ्रेम आभाळाचा फोटो आला असता.

“तू कोणाला सांगू नकोस. या तोडीचा कॅमेरा अख्ख्या जिल्ह्यात नाही, असं आजोबांनी सगळ्यांना सांगितलंय. कोपऱ्यांचं काय, मी नंतर कडा कापून टाकीन.”

कडा कापून टाकीन, हे ऐकलं आणि मी त्याच्याकडे नीट बघितलं. रक्त बोलतं म्हणतात ते असं. कारण या घराण्यात कडा कापायचं काम त्याच्या आजोबांनी सुरू केलं होतं.

दाजीभावोजींच्या दिवाणखान्यात एक जुना फोटो आहे, माझ्या सगळ्यात मोठ्या नणंदेच्या लग्नातला. चौकट रुंद, फोटो अरुंद. उजवीकडची उभी पट्टी कापलेली. आणि नवरीच्या खांद्यावर चार बोटं. बोटांच्या मागे कोणी नाही, नुसती बोटं. मी नवी सून म्हणून आले तेव्हा सासूबाईंना विचारलं, ही बोटं कोणाची. त्या म्हणाल्या, कसर लागली आहे. नखं असलेली कसर मी त्यानंतर आजपर्यंत बघितली नाही.

ती बोटं मथूवन्संची. मथुरा, दाजीभावोजींची पाठची बहीण. तो फोटो काढायला वेंगुर्ल्याहून जोकीम लोबो नावाचे फोटोग्राफर आले होते. तिवईवर मोठा डबा, वर काळं कापड. कापडातून डोकं बाहेर काढून ते म्हणाले, इकडे बघा. सगळ्यांनी बघितलं आणि मग सगळे पंगतीकडे गेले. मथूवन्सं बघतच राहिल्या. त्याच वर्षी त्या त्यांच्याबरोबर गेल्या, वेंगुर्ल्याला, लग्न करून. दाजीभावोजींनी शिंप्याकडून कात्री मागवली.

तेव्हापासून आमच्याकडे रीतच पडली. ज्याची खात्री नाही त्याला फोटोत टोकाला उभं करायचं. मानपानावरून रुसलेला जावई, माहेरी जास्त राहणारी सून, वाटणीसाठी कोर्टात गेलेला चुलत भाऊ. पुढे कापायला सोपं जातं. आमच्या घरातले निम्मे फोटो त्यामुळे उभट आहेत. पाहुण्यांना वाटतं, यांना उभट फोटोंची हौस आहे.

आणि त्या सकाळी मथूवन्सं आल्या होत्या. मीच बोलावलं होतं. जोकीमराव वारल्यावर मी फोन करायला लागले होते, ह्यांच्या नकळत. म्हणजे ह्यांना कळत होतं, पण ते पेपर वाचत असल्याचं दाखवत. वन्सं एसटीने आल्या. पांढरे केस, हातात काजूगरांची पिशवी, आणि ती कोणाला द्यावी ते कळत नसल्यामुळे तशीच धरलेली.

“जेवायला वाढलं नाहीत तरी चालेल ग सिंधू,” त्या मला म्हणाल्या. “फोटोत तेवढं उभं करा. माझ्या नातवंडांना मी सांगते, माझं मोठं माहेर आहे, इतकी माणसं आहेत. त्यांना वाटतं आजी थापा मारते. एकदा दाखवायचंय त्यांना.”

थापा मारणाऱ्या आजीवर कोणी विश्वास ठेवत नाही, हे दुःख मला नव्याने सांगायला नको होतं. मी त्यांची पिशवी घेतली.

दाजीभावोजींनी त्यांना लांबूनच बघितलं. जवळ गेले नाहीत. मला बाजूला बोलावलं आणि समोरच्या खांबाकडे बघत म्हणाले, “आली आहे तर राहू दे. फोटोत टोकाला उभी कर.”

“आणि मग?”

“मग मी बघतो.”

आता हे ‘बघतो’ काय ते मला ठाऊक होतं. फरक एवढाच, की आता शिंप्याकडे जावं लागणार नव्हतं. कात्री नातवाच्या लॅपटॉपमध्ये होती.

तर नातू म्हणत होता कोपऱ्यात कोणी नको, आणि आजोबा म्हणत होते मथूला टोकाला ठेव. दोघं आपापल्या जागी शहाणे. दोघांचंही मन राखायचं म्हणजे मला डोकं चालवणं भाग होतं.

पहिला घोळ मधल्या खुर्चीचा. दाजीभावोजी थोरल्या पातीचे, म्हणजे घराण्याच्या थोरल्या शाखेचे, कुलमंडळाचे अध्यक्ष, बँकेतून निवृत्त. बंडोपंत धाकट्या पातीचे, मंडळाचे चिटणीस, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. दोघांत वाकडं. आधीच्या संमेलनात दीप कोणी लावायचा यावर एकमत होईना, म्हणून दोघांनी एकदम काडी ओढली, आणि समई राहिली बाजूला, मागचा ‘सुस्वागतम’ पेटला. मी स्वतः तांब्याभर पन्ह्याने विझवला. आताही पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवर दोन रुमाल पडले होते, एसटीत टाकतात तसे, एकावर एक.

मी आधी दाजीभावोजींकडे गेले. त्यांच्या गळ्याला मानेचा पट्टा होता, मणक्याचं दुखणं. फोटोसाठी तो काढून ठेवत होते.

“भावोजी, बसा की मधे. तुमचाच मान. मी आपलं कुलवृत्तांतात फोटोखाली नावं कशी छापतात तेवढा विचार करत होते.”

“कशी म्हणजे? बसलेले, डावीकडून.”

“तेच. म्हणजे डावीकडून पहिले जे बसतील त्यांचं नाव पहिलं. मधल्या माणसाचं पार आत कुठेतरी येणार. तिथपर्यंत कोण वाचतंय?”

बँकेत सगळा जन्म पहिली सही करण्यात गेलेला माणूस. त्यांनी खुर्च्यांच्या रांगेवरून नजर फिरवली, कोपऱ्यातल्या खुर्चीपाशी थांबवली, आणि मधला आपला रुमाल उचलला. जाऊन बसले डावीकडच्या अगदी शेवटच्या खुर्चीवर, ताठ, गुडघ्यांवर हात ठेवून.

बंडोपंत लगेच माझ्याकडे. दाजीला ती खुर्ची कोणी दिली, हे काय चाललंय, मधली जागा सोडून हा टोकाला बसतो त्या अर्थी काहीतरी आहे. माणूस हुशार. मी म्हटलं, “तुम्हाला उजवीकडची पहिली ठेवलीय. पेपरात बातमी द्याल तेव्हा नावं उजवीकडून द्या. कुलवृत्तांत काय, आपला आपणच वाचतो. पेपर जिल्हा वाचतो.”

बंडोपंतांनी दाजीभावोजींकडे एकदा दयेने बघितलं आणि रुमाल घेऊन उजव्या टोकाला गेले. पायात नव्या चपला होत्या. त्या दिसाव्यात म्हणून एक पाय पुढे.

त्यानंतर मला काही करावंच लागलं नाही. अध्यक्ष एका टोकाला, चिटणीस दुसऱ्या, हे बघितल्यावर खजिनदार, सल्लागार, देणगीदार, सगळे टोकांकडे सरकायला लागले. जो तो आपली खुर्ची उचलून बाहेरच्या बाजूला. रांग अशी लांबत गेली की आणखी थोडा वेळ मिळता तर एक टोक रत्नागिरीत आणि एक संगमेश्वरात पोचलं असतं. मधल्या खुर्च्या ओस. तिथे कोणी बसेना, जणू त्या नुकत्याच पुसल्या होत्या.

मथूवन्सं खुर्च्यांच्या मागे, पार टोकाला, सगळ्यांत शेवटी उभ्या होत्या. न सांगता.

“वन्सं, इकडे या. बसा.”

“नको ग. मी इथेच बरी. दादाने सांगितलं असेल ना तुला.”

त्यांना रीत ठाऊक होती. पहिला मान त्यांचाच होता.

“तिथे ऊन आहे,” मी म्हटलं. ऊन सगळीकडे सारखंच होतं. मी त्यांचा दंड धरला, त्यांना आणलं, आणि बरोब्बर मधल्या खुर्चीत बसवलं. मागे मुलं-बाळं, लेकी-सुना उभ्या केल्या, ज्यांना पहिल्या नावाची हौस नव्हती त्या सगळ्या. मी स्वतः वन्संच्या मागे उभी राहिले.

वन्संनी समोर कॅमेऱ्याकडे बघितलं. डोळे बारीक केले. जन्मभर फोटोग्राफरच्या घरात, त्याच्या अंधाऱ्या खोलीत बरोबरीने काम केलेली बाई.

“सिंधू,” त्या मान न वळवता म्हणाल्या, “ही काच त्या डब्याची नव्हे.”

“असू दे.”

“कडा खाईल ती.”

“खाऊ दे. सकाळपासून उपाशी आहे.”

त्यांनी डावीकडे बघितलं. उजवीकडे बघितलं. मग पदर तोंडाला लावला. पण दुसऱ्याच क्षणी त्या उठायला लागल्या. “अग, दादाला सांगायला हवं.”

मी खांदे दाबून त्यांना खाली बसवलं. म्हटलं, फोटो हलेल.

तिकडे सौमित्रने कॅमेऱ्याला डोळा लावला आणि लगेच काढला. पुन्हा लावला. मग माझ्याकडे बघून त्याने जे हातवारे केले ते आरतीत सुद्धा कोणी करत नाही. मी नमस्कार केला.

“आजोबा,” तो शेवटी म्हणाला, “तुम्ही आणि बंडूआजोबा जरा आत, मधे सरकलात तर...”

“तू कॅमेऱ्यातलं बघ,” दाजीभावोजी म्हणाले. “माणसांतलं आम्ही बघतो.” पट्टा काढला होता तरी त्यांना मान वळवता येत नव्हती. समोर बघतच त्यांनी मला विचारलं, “सिंधू, टोकाचं बघितलंस ना?”

“टोकाला कोण हवं ते सगळं बघून केलंय, भावोजी.”

सौमित्रने बटण दाबलं.

जेवणं झाली. जिलबी होती. मी एकच घेतली, कारण पुढच्या कार्यक्रमासाठी पोट हलकं असावं असं वाटत होतं. समारोपाला सगळे हॉलमध्ये जमले. दाजीभावोजी माइकपाशी, बोलायला लागले की हातखंबेकर हे एक झाड आहे, मुळं खोल आहेत, फांद्या दूर गेल्या आहेत, आणि आता आपण या झाडाचा फोटो पडद्यावर बघू या. मागे सौमित्र लॅपटॉपशी असा बसला होता की त्याला ताप आहे असं वाटावं.

पडद्यावर एक मोठा गोल आला. भोवती काळंकुट्ट. कोणीतरी विहिरीच्या तळातून वर बघावं आणि काठावर आम्ही सगळे वाकलेले असावे, तसा. गोलाच्या मधोमध मथूवन्सं. कॅमेऱ्याचं मी कौतुकच करीन; वन्संच्या पातळाच्या काठातला धागा न् धागा दिसत होता. मागे मी, लेकी, सुना, मुलं. डावीकडे काळ्यातून एक गुडघा आलेला. उजवीकडे काळ्यातून एक चप्पल. नवी.

कोणीतरी विचारलं, “दाजीकाका कुठे गेले?”

“मी इथे आहे,” दाजीभावोजी माइकवर म्हणाले.

“तसं नव्हे. फोटोत.”

बंडोपंत उठून पडद्याजवळ गेले, चपलेकडे बघितलं, मग खाली स्वतःच्या पायाकडे, आणि परत येऊन बसले. ओळख पटली असावी.

सौमित्रने उजळून बघतो म्हटलं. उजळल्यावर दाजीभावोजी जागेवर दिसायला लागले, पण चुलीतून धूर निघावा तसे. बंडोपंतांचे नुसते दात आले. खजिनदारांचं तर काहीच निघालं नाही, आणि त्यांच्या सौंना बरं वाटलं असं मला तरी वाटलं.

तेवढ्यात मागून एक सूनबाई म्हणाली, “कडा कापल्या तर छान होईल ना?”

सौमित्रने यंत्रासारखं बटण दाबलं. काळं गेलं. पडद्यावर स्वच्छ, चौकोनी, सुरेख फोटो. सगळे हसरे, उजेडात, मधे मथूवन्सं. हॉलमधून “वा” आलं. मग हळूहळू लोकांच्या ध्यानात आलं की यात अध्यक्ष नाहीत आणि चिटणीस नाहीत, आणि सगळ्यांनी दाजीभावोजींकडे बघितलं.

ते माइक धरून उभे होते. पडद्याकडे बघत होते. टोकाला बसलेला माणूस कापला की फोटो सुरेख होतो, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं? मी याच क्षणाची वाट बघत होते. यासाठी जिलबी सोडली होती. त्यांच्याच तोंडून यायला हवं होतं, काप म्हणून किंवा नको म्हणून. दोन्हींत माझा फायदा.

“दादाला कापू नका,” मथूवन्सं म्हणाल्या.

त्या शेवटच्या रांगेत होत्या. उठून उभ्या राहिल्या. “काळा तर काळा. तो आहे तिथे. राहू दे तसाच.”

सगळे वळून त्यांच्याकडे बघायला लागले. वन्संना वाटलं असावं की आणखी काही सांगायला हवं.

“ताईच्या लग्नातला तो फोटो आमच्याकडे आहे, दादा. अख्खा. निगेटिव्हची काच ह्यांच्याकडेच होती ना, तिच्यावरून ह्यांनी दुसरा काढला. पहिल्यापासून भिंतीवर आहे. तू आहेस त्यात. नाकात बोट घालून उभा. मी ह्यांना म्हटलं, दादा तेवढा बरा दिसत नाही. ते म्हणाले, आहे तसा राहू दे. आम्ही कोणाला कापलं नाही.”

माइक चालू होता. दाजीभावोजींचा श्वास सगळ्या हॉलला ऐकू येत होता.

“नाकात बोट नव्हतं,” ते शेवटी म्हणाले.

“होतं, दादा. ये बघायला.”

दाजीभावोजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग मागे वळायचा प्रयत्न केला, पण मान वळेना, म्हणून अंगासकट वळले. “सौम्या,” म्हणाले, “आधीचा आण. काळा.”

माझी इतकी मेहनत, आणि वन्संनी एका वाक्यात पाणी ओतलं. या सरळ बायकांबरोबर काही काम करणं कठीण असतं. मी जाऊन दुसरी जिलबी घेतली.

कुलवृत्तांताच्या मुखपृष्ठावर तोच फोटो छापला, गोल, काळ्या कोपऱ्यांसकट. खाली सगळी नावं, बसलेले डावीकडून, पहिलं नाव दाजीभावोजींचं, ठळक. बंडोपंतांनी पेपरात दिला. तिथे जागा नाही म्हणून नावंच गाळली. सौमित्रची नवी लेन्स पुढच्या आठवड्यात आली. ती इतकी जड, की तो गावी आला की एसटी डावीकडे कलते. पण कुळाचा फोटो काढायला त्याला पुन्हा कोणी बोलावलं नाही, कारण आता टोकाला बसायलाच कोणी तयार नसतं.

या गोष्टीला वर्षं झाली. त्या संमेलनानंतर पुढच्याच महिन्यात दाजीभावोजी वेंगुर्ल्याला जाऊन आले. नाकात बोट होतं की नाही, ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. आता त्यांना नीट ऐकू येत नाही, पण कोणी पाहुणे आले की तो कुलवृत्तांत काढून मांडीवर घेतात. डाव्या कोपऱ्यातल्या काळ्यावर बोट ठेवतात आणि सांगतात, “हा मी.” पाहुणे वाकून बघतात, हो हो म्हणतात. मग ते बोट काळ्यातून सरकत सरकत मधे येतं.

“आणि ही माझी बहीण. मथू.”

पाहुणे म्हणतात, या मात्र छान दिसतायत.